डोंबिवलीत वन बीएचके, बदलापुरात टू बीएचके की सरळ गावी? (सल्ला हवाय, लांबलाय जरा)

पावणेआठची लेडीज

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी हलवावा.

तर झालंय असं की आमची लालबागची पागडीची खोली शेवटी विकली. मालकाचा वाटा देऊन उरलं ते तिघा भावांत वाटलं, आमच्या हातात आलं त्यात कर्ज घालून ओढूनताणून सत्तर लाखांपर्यंत पोचतोय, त्याच्यावर एक रुपया नाही. सध्या डोंबिवली पूर्वेला भाड्याने आहोत, अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट संपत आलंय, मालक भाडं वाढवणार म्हणतोय, म्हणून यंदा काय ते एकदाचं घेऊन टाकू असं घरात चाललंय.

घरात चौघं. मी, नवरा, मुलगा सहावीत आणि सासूबाई, वय बहात्तर. माझं ऑफिस लोअर परळला, आठवड्यातून चार दिवस तोंड दाखवावंच लागतं. नवरा अंबरनाथच्या एमआयडीसीत, शिफ्टची नोकरी.

डोंबिवलीत या पैशात जुन्या सोसायटीतला रिसेल वन बीएचके बसतो, म्हणजे मुलगा हॉलमध्ये झोपणार आणि दहावीपर्यंत तिथेच अभ्यास करणार. बदलापूर पश्चिमेला नव्या टॉवरमध्ये टू बीएचके येतो, बाल्कनीतून डोंगर, क्लबहाऊस, जिम, वर थोडे पैसेही उरतात. नवऱ्याच्या एका मित्राने नेरळजवळ प्लॉट घेतलाय तो आम्हालाही आग्रह करतोय, छोटं बैठं घर बांधा म्हणतो. आणि नवऱ्याच्या मनात खरं म्हणजे गाव आहे. संगमेश्वर तालुक्यात सासऱ्यांचं घर आहे, आता बंद असतं. त्याचं म्हणणं ते दुरुस्त करू, आईला आत्ताच तिकडे ठेवू, तिला तिथली हवा मानवेल, आणि पाच-सात वर्षांनी आपणही जाऊ, मुंबईत आता काय राहिलंय.

मला स्वतःला विचाराल तर मला सकाळी अर्धा तास जास्त झोप हवी, बाकी काही नाही. पण तसं घरात बोलता येत नाही. ज्यांनी यातलं काही केलंय त्यांनी प्लीज अनुभव सांगा.

जुना बदलापूरकर

बदलापूरला या, डोळे झाकून या.

आम्ही आलो तेव्हा स्टेशनबाहेर टांगे होते, लोक विचारायचे जंगलात कशाला जाताय. आज काय नाही सांगा. शाळा आहेत, हॉस्पिटलं आहेत, मासळी बाजार आहे, गणपतीच्या मूर्ती घ्यायला लोक बाहेरून येतात. आणि मुख्य म्हणजे गाडी इथून सुटते हो! डोंबिवलीत तुम्ही भरलेल्या डब्याला लटकता, इथे सुटणारी गाडी असेल तर बसून जाता. दादरपर्यंत सव्वा तास धरा, पण खिडकीला डोकं टेकून. तुम्हाला झोप पाहिजे ना, मग घरी कशाला, गाडीत घ्या. मिस्टरांचं तर सोनंच, अंबरनाथ एक स्टेशन. दोघांच्या मध्ये चिखलोलीचं नवीन स्टेशनही होतंय.

हवा, पाऊस, थंडी, तिन्ही खरी. डिसेंबरात स्वेटर लागतो, मुंबईकरांना सांगून पटत नाही.

उगाच आपलं

"डोळे झाकून या" म्हणजे कल्याणपर्यंत झोपूनच ना 😄

फडकेरोडवाला

बदलापूरकर, तुमचं प्रेम समजू शकतो पण अर्धंच सांगताय. सीएसएमटीपासून डोंबिवली ४८ किमी, बदलापूर ६८. वीस किमीचा प्रश्न नाहीये, त्या वीस किमीत काय आहे त्याचा प्रश्न आहे. कल्याणच्या पुढे कर्जतकडे मार्ग दोनच, एक जायचा एक यायचा, त्यावरच तुमच्या लोकल, त्यावरच पुण्याच्या एक्स्प्रेस, त्यावरच मालगाड्या. तिसऱ्या-चौथ्या मार्गाचं काम चालू आहे, होईल तेव्हा होईल. तोपर्यंत एक इंजिन बसलं की मागचं सगळं बसलं. कल्याणच्या अलीकडे निदान स्लो-फास्टची अदलाबदल करून गाडी पुढे काढता येते.

आणि पाऊस सांगितलात तर २६ जुलै २००५ पण सांगा. २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकली, हजारावर प्रवासी नेव्ही आणि एनडीआरएफने बोटी आणून बाहेर काढले, ती उल्हास नदी तुमच्याच बदलापूर पश्चिमेच्या कडेने वाहते. ताई, टॉवर बघितलाय तो नदीच्या पूररेषेच्या कुठल्या बाजूला आहे ते विचारा. निळी रेषा, लाल रेषा असे नकाशे असतात. बिल्डर फक्त डोंगर दाखवतो.

डोंबिवली काही स्वर्ग नाही, मीच सांगतो. रस्ते, धूळ, रिक्षावाले, वर एमआयडीसीत मे २०१६ आणि मे २०२४ चे स्फोट, खिडक्या आमच्याही हादरल्यात. गर्दीबद्दल तर बोलायलाच नको, जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ दारात लटकणारी माणसं पडून जीव गेले. पण खाली उतरलं की सगळं पायाशी आहे. दूध, पोळीभाजी, डॉक्टर, क्लास, नाटक, लायब्ररी. घरातल्या प्रत्येकाला गाडी काढल्याशिवाय बाहेर पडता येतं, हे फार मोठं आहे.

जुना बदलापूरकर

पश्चिमेला नदी आहे म्हणजे सगळं बदलापूर बुडत नाही. आम्ही पूर्वेला, २००५ ला पण जिन्याच्या पहिल्या पायरीला पाणी लागलं नाही. उगाच घाबरवू नका बायकामाणसांना.

मोगरा

बायकामाणसं घाबरत नाहीत हो काका, पूररेषेचे नकाशे बघतात. 🙂 सवडीने लिहिते.

मृगनक्षत्र

नेरळबद्दल लिहितो कारण आमचं तिथे आहे. शनिवार-रविवारसाठी.

हे "शनिवार-रविवारसाठी" नीट वाचा. त्या घराइतकं सुख मला कशानेच दिलेलं नाही. मृगाचा पहिला पाऊस पडून माथेरानच्या डोंगरावरून धबधबे सुरू झाले की आम्ही दोघं पडवीत खुर्च्या टाकून नुसते बसतो. पण मी तिथे रोज राहत नाही आणि राहणारही नाही. मुंबई-ठाण्यात लाईट गेले की लोक गॅलरीत येऊन बघतात काय झालं, तिकडे वारा सुटला की आम्ही आधी मोबाईल चार्जिंगला लावतो. कर्जत लोकल मोजक्या, एक चुकली की प्लॅटफॉर्मवर वडापाव खात बसायचं. रात्री उशिराच्या गाडीने उतरलात तर स्टेशनवर रिक्षा आहे की नाही ही लॉटरी, आणि प्लॉट नेहमी "स्टेशनपासून दहा मिनिटं" असतो, कुणाची दहा मिनिटं ते ब्रोशरमध्ये लिहीत नाहीत.

माणूस ठेवावा लागतो. नाही ठेवला तर दर शनिवारी गेल्यावर तुम्ही साफसफाईच करता. ठेवला तर त्याला काम पुरवावं लागतं.

तुमचे मिस्टर शिफ्टमध्ये, तुम्ही लोअर परळला, मुलगा शाळेत, मग त्या बैठ्या घरात दिवसभर कोण? विचार करा.

वकिलीणबाई

घाईत आहे, मुद्द्याचं तेवढं.

प्लॉट "एनए" आहे असं तोंडी सांगतात, बिनशेतीचा सरकारी कागद हातात मागा. तो नसेल तर ती शेतजमीन धरून चाला, आणि शेतजमीन आपल्याकडे कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय घेता येत नाही. तुमच्या मिस्टरांचं नाव गावच्या सातबाऱ्यावर असेल तर ते शेतकरी ठरू शकतात, पण मग आधी सासऱ्यांच्या पश्चात वारस नोंद झालीय का ते बघा. बहुतेक घरांत झालेली नसते, सगळे म्हणतात करू गणपतीत. नेरळच्या आसपास माथेरानचा इको सेन्सिटिव्ह झोन आहे, २००३ पासून, तो गट त्यात येतो का तेही तपासा. चार-पाच जणांच्या नावे मिळून एक गट आणि आत आखलेले "तुमचे" गुंठे, असला प्रकार असेल तर चहा पिऊन परत या.

डोंबिवलीत नवीन काही घेणार असाल तर नुसत्या रेरा नंबरवर विसंबू नका. पासष्ट इमारतींचं प्रकरण आठवत असेल, महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून रेरा नोंदणी मिळवली होती, हायकोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या पाडायला सांगितल्या आणि आत राहणारी माणसं हप्ते भरत होती. परवानगी महापालिकेच्याच दफ्तरात जाऊन पडताळायची.

गावच्या घराचं वेगळं लिहिते, ते मोठं प्रकरण आहे.

सड्यावरचा

गावचं मी सांगतो, वकिलीणबाईंनी कायद्याचं सांगावं.

मी लॉकडाऊनमध्ये रत्नागिरी तालुक्यात आलो तो राहिलोच. लॅपटॉपवरचं काम आहे, बायको बरोबर आली, मूल नाही. ही तिन्ही वाक्यं एकत्र वाचा, यातलं एक जरी बदललं असतं तरी आम्ही परत ठाण्याला असतो.

सुख आहे, नाही कशाला म्हणू. पण ते सगळे व्हिडिओत दाखवतात त्यामुळे मी नाही दाखवत. मी कौलं दाखवतो. घर बंद राहिलं की पहिलं कौलांवर जातं. वानरं येतात, एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना मधे तुमचं छप्पर लागतं, एक कौल सरकलं की पहिल्या पावसात त्याखालचा वासा भिजतो, दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत वाळवी. मेमध्ये कौलं चाळायला गडी पाहिजे आणि मेमध्येच सगळ्या वाडीला, सगळ्या गावाला पाहिजे, आणि चढणारे गडी आहेत दोन, त्यातला एक आता मुंबईला वॉचमन. पत्रे घाला म्हणतील. घातले की दुपारी घरात भट्टी, पावसात फोनवर बोलणं ऐकू येत नाही.

पाणी. चार महिने इतका पाऊस की कपडे वाळत नाहीत आणि एप्रिल-मेमध्ये विहिरीचा तळ दिसतो. सगळं सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावरून, वाहून खाली खाडीला जातं.

माणसं. आमच्या वाडीत निम्म्याहून जास्त घरांना कुलूप आहे, गणपतीत आणि शिमग्याला उघडतं. त्या आठ-दहा दिवसांत तुम्ही जाता आणि तुम्हाला वाटतं वा, काय गजबज, काय माणसं! दसऱ्यानंतर या. संध्याकाळी सातला रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. ताई, तुमच्या मिस्टरांनी आईला तिथे एकटं ठेवायचं म्हटलंय. बहात्तराव्या वर्षी रात्री छातीत दुखलं तर १०८ ला फोन लागेल, गाडी पण येईल, पण तुमच्या घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत पाखाडी किती पायऱ्यांची आहे? खुर्चीत बसवून खाली आणायला चार माणसं वाडीत आहेत का, पन्नाशीच्या आतली? डेरवणला मोठं हॉस्पिटल आहे म्हणून त्या पट्ट्यात लोक तरले आहेत, पण आधी हायवेवर तर आलं पाहिजे. आणि हायवेबद्दल मी काही बोलत नाही, २०११ पासून काम चालू आहे. पावसात गवतात फुरसं (विषारी साप) असतं ते वेगळंच, आम्ही बॅटरीशिवाय अंगणात उतरत नाही.

मला गाव सोडायचं नाहीये. पण आई "पाठवायची" जागा म्हणून गाव कुणी बघायला लागलं की मला राग येतो.

फडकेरोडवाला

सड्यावरचा, बरोबर बोललात.

उगाच आपलं

पाखाडीचं वाचून मला आमची आज्जी आठवली, तिला डोलीतून खाली आणली होती, तिने मधेच थांबवून शेजारणीला सांगितलं फणस काढून ठेव म्हणून.

वकिलीणबाई

हं, गावच्या घराचं. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर तुमच्या सासऱ्यांचं नाव आहे, घरपट्टी तुम्ही भरता, म्हणून घर तुमचं असं होत नाही. ती कर आकारणीची नोंद आहे. मालकी बघायची तर खालच्या जमिनीचे कागद काढा. कोकणात ते बहुतेक सामाईक निघतात, पणजोबांच्या नावापासून सुरुवात आणि आत्या, त्यांची मुलं, कॅनडातले चुलतभाऊ सगळे सहहिस्सेदार. दुरुस्तीवर पैसे घालायच्या आधी वाटप करून घ्या. सगळे राजी असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. राजी नसतील तर दिवाणी कोर्ट, आणि मग तुमच्या मुलाच्या मुलाला निकाल मिळेल. घर बंद आणि पडकं असेपर्यंत कुणी बोलत नाही, तुम्ही नवीन कौलं घातलीत की सगळ्यांना आपला हिस्सा आठवतो.

पावणेआठची लेडीज

बापरे, एवढं सगळं. सगळ्यांचे आभार. सड्यावरचा यांचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला, तो गप्प बसला, मग म्हणाला पायऱ्या मोजल्या नाहीत कधी.

वैनी एडिसन

माझा इथे काही संबंध नाही, पण राहवत नाही म्हणून लिहिते. आम्ही न्यू जर्सीत. इथून न्यूयॉर्कला ट्रेनने तासाभरात जाता येतं, घर मोठं, मागे लॉन, हरणं येतात, तुमच्या बदलापूरच्या ब्रोशरमध्ये आहे ते सगळं. सासूसासरे आले की पहिले पंधरा दिवस खूश. मग सासरे विचारतात, इथे चालत कुठे जायचं? फुटपाथच नाही बऱ्याच रस्त्यांना. आम्ही दोघं ऑफिसला, त्यांना गाडी चालवता येत नाही, मग दिवसभर काचेतून हरणं बघायची. सहा महिन्यांचं तिकीट असतं, चौथ्या महिन्यात परत जायचं काढतात. घर मोठं असण्याचा त्यांना काहीएक उपयोग होत नाही.

मोगरा

आता लिहिते. वैनींनी माझा अर्धा मुद्दा आधीच मांडला.

अख्ख्या धाग्यात गाडीच्या वेळा आहेत, पाणी आहे, सातबारा आहे. घरात चोवीस तास राहणार कोण, तर सासूबाई. तुम्ही सात-सव्वासातला बाहेर, संध्याकाळी आठला घरात. मिस्टर शिफ्टप्रमाणे. मुलगा शाळा आणि क्लास. म्हणजे घर वापरणार त्या, आणि त्यांना काय हवंय ते एकानेही विचारलेलं दिसत नाही. "आईला तिकडची हवा मानवेल" हे मिस्टर म्हणतात. आई काय म्हणते?

दुसरं, मिस्टर डोंबिवलीहून अंबरनाथला जातात ते उलट्या दिशेने. सकाळी सगळी गर्दी मुंबईकडे, ते कल्याणकडे, त्यांना बसायला मिळत असणार. बदलापूरला गेलात तर त्यांचा त्रास आणखी कमी होणार, जो मुळात कमीच आहे, आणि तुमचा वाढणार, जो आधीच जास्त आहे. लोअर परळसाठी मध्य रेल्वेवरून फास्टने दादर, मग पूल चढून पश्चिमेची गाडी किंवा स्लोने करी रोड आणि चालत. हे रोज जाऊन-येऊन करून बघा सहा महिने, मग बसायला मिळालेल्या सीटचं कौतुक राहत नाही. गाडी सुटते बदलापूरहून हे खरं, पण येताना? संध्याकाळी दादरला बदलापूर फास्टच्या लेडीज डब्यात शिरायला अंगात जोर लागतो आणि उभं राहायचं ते कल्याणपर्यंत.

मुलाला खोली पाहिजे हे मान्य. तो एकच मुद्दा टू बीएचकेच्या बाजूने मला खरा वाटतो.

जुना बदलापूरकर

मोगराताई, लेडीज डब्याचं मला माहीत नाही, बायको म्हणते तुम्ही लिहिलंय ते बरोबर आहे. पण टॉवर म्हणजे बदलापूर नव्हे. स्टेशनच्या पूर्वेला दहा-पंधरा वर्षं जुन्या इमारती आहेत, लिफ्टवाल्या, खाली सगळी दुकानं, तिथे या बघायला.

पावणेआठची लेडीज

मोगरा, तुझा प्रतिसाद वाचून रविवारी सासूबाईंना विचारलं. आधी त्या म्हणाल्या तुम्ही ठरवाल तिथे. मग मी भाजी निवडायला बसले त्यांच्याबरोबर, मेथी होती, तेव्हा हळूहळू बोलायला लागल्या. जमेल तसं त्यांच्याच शब्दांत लिहिते.

"गावाला माझं कोण आहे? माझं माहेर काळाचौकी, सासर लालबाग. गावाला मी जायची गणपतीत आणि मे महिन्यात. हा (म्हणजे माझा नवरा) आंबे खायचा, विहिरीत पोहायचा, त्याला गाव म्हणजे ते. मी पहाटे उठून चुलीपुढे बसायची ती रात्रीची भांडी होईपर्यंत. पंचवीस माणसांचा स्वयंपाक. अंगणात खुर्ची टाकून बसलेली मी मला तरी आठवत नाही. आता ज्या जावा बोलायच्या त्या पण नाहीत. कुणासाठी जाऊ?"

नवरा शेजारच्या खोलीत होता. त्याने ऐकलं. काही बोलला नाही पण त्या दिवसापासून गावचा विषय काढलेला नाही.

मग शनिवारी त्यांना घेऊन बदलापूरचा तो टॉवर बघायला गेलो. सेल्स ऑफिसात एसी, सरबत, मोठं मॉडेल, सगळं. मुलगा खूश, स्विमिंग पूल बघून. सासूबाईंनी त्या सेल्सच्या मुलाला विचारलं, खाली भाजीवाली बसते का? तो म्हणाला, काकू सगळं ॲपवरून येतं, तुम्हाला खाली उतरायची गरजच नाही. त्या म्हणाल्या, मग मी उतरून जाऊ कुठे? तो हसला, त्याला वाटलं गंमत करतायत. गेटच्या बाहेर आलो तर रस्त्यावर डंपर, दोन्ही बाजूंना बांधकाम, एक टपरी, ती पण कामगारांसाठी. रिक्षा मिळायला बराच वेळ उन्हात उभे होतो.

इथे डोंबिवलीत त्यांचा दिवस असा असतो: सकाळी देवळात, येताना ठरलेल्या भाजीवालीकडे, तिच्याशी भांडण, मग महिन्यातून एकदा पेन्शनचं पासबुक भरायला बँकेत, जे खरं म्हणजे मोबाईलवर दिसतं पण त्यांना शिक्का पाहिजे. संध्याकाळी खालच्या बाकावर चौघीजणी. भाड्याचं घर असून एवढं सगळं त्यांनी जमवलंय. मला यातलं निम्मं माहीतच नव्हतं, मी घरी असतेच कुठे.

सड्यावरचा

पंचवीस माणसांचा स्वयंपाक. आमच्या आईला कधी विचारलं नाही मी. विचारतो.

मृगनक्षत्र

जरा अवांतर. गिरणी कामगारांना सरकारने शेलू-वांगणीला घरं देऊ केली तेव्हा आमच्या भागात चर्चा होती की फुकट्यांना मुंबईतच पाहिजे. जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर आंदोलन झालं तेव्हा पण लोक असंच बोलत होते. तुमच्या सासूबाईंचं वाचल्यावर मला त्या मागणीकडे वेगळं बघावंसं वाटतंय. वांगणीची हवा चांगली आहे, मी देतो लिहून, पण सत्तरीच्या माणसाने तिथे जाऊन नव्याने चौघीजणी कुठून जमवायच्या?

पावणेआठची लेडीज

अगदीच अवांतर नाही, सासरे गिरणीतच होते, ८२ च्या संपात नोकरी गेली. आमच्या नात्यात अजून दोघांची नावं घराच्या यादीत आहेत. एकजण वांगणी घेईन म्हणतो, दुसऱ्याची बायको म्हणते मेले तरी जाणार नाही. आणि "फुकट्यांना" हा शब्द मृगनक्षत्र यांनी स्वतःचा म्हणून वापरला नाहीये हे कळलं, तरी टोचला.

मृगनक्षत्र

मान्य. लोक म्हणत होते तोच लिहिला, पण तो तसाच लिहायची गरज नव्हती.

उगाच आपलं

मुलाच्या खोलीचं काय ठरलं पण? त्याची बाजू कुणीच घेत नाहीये. आम्ही पण हॉलमध्येच शिकलो वगैरे आता कुणी लिहू नका, आम्ही शिकलो नाही म्हणून इथे टाईमपास करतोय.

पावणेआठची लेडीज

😂 त्याला पूल हवाय, खोली नकोय, खोली मला हवीय त्याच्यासाठी.

दोन घरं आता नजरेत आहेत. एक डोंबिवली पश्चिमेला, जुनी सोसायटी, वन बीएचके पण मोठा आहे, पॅसेजला दार लावून एक पलंग आणि टेबल बसेल एवढी जागा निघते, मागच्या मालकाने तसंच केलं होतं. दुसरा मजला, लिफ्ट नाही. सासूबाईंच्या गुडघ्यांचं बघता तेवढीच अडचण. चढून बघितलं त्यांनी, मधल्या जिन्यावर थांबल्या, वर आल्यावर म्हणाल्या स्वयंपाकघरात उजेड छान आहे. दुसरं बदलापूर पूर्वेला, जुना बदलापूरकर काकांनी सांगितलं तसलंच, लिफ्ट आहे, स्टेशन पायी, खाली बाजार, टू बीएचके लहानसा. तिथे रविवारी संध्याकाळी गेलो, बाजारात फिरलो, सासूबाईंनी जवळा घेतला, म्हणाल्या स्वस्त आहे.

मी स्वतः डोंबिवलीकडे झुकलेय, कारण मला तो वीस किमीचा तुकडा नकोय. नवरा बदलापूरकडे. सासूबाई म्हणतात आधी लिफ्ट कुठे आहे ते सांगा.

मोगरा

सासूबाईंना माझा नमस्कार सांग.

वकिलीणबाई

डोंबिवलीच्या सोसायटीचं कन्व्हेयन्स झालंय का बघा. जमीन सोसायटीच्या नावावर नसेल तर पुढे रिडेव्हलपमेंटच्या वेळी जुना बिल्डर किंवा जमीनमालक येऊन उभा राहतो. झालं नसेल तर डीम्ड कन्व्हेयन्सचा (बिल्डर करून देत नसेल तर सरकारकडून करून घ्यायचं ते) अर्ज केलाय का विचारा. "लवकरच रिडेव्हलपमेंटला जाणार, मग लिफ्ट मिळेल" असं मालक म्हणेल. त्या भरवशावर बहात्तर वर्षांच्या बाईंना दुसऱ्या मजल्यावर नेऊ नका. त्यापेक्षा त्याच भागात तळमजला किंवा पहिला मजला थोडा लहान मिळाला तरी बघा.

फडकेरोडवाला

आणि तळमजला बघितलात तर पावसात बघा, भर पावसात. गल्लीत पाणी साचतं का ते शेजाऱ्यांना विचारा, मालकाला नको. पाण्याची वेळ विचारा, पंप कोण चालू करतं ते विचारा, पहाटेचं पाणी असेल तर ते भरायला कोण उठणार हे घरात आधीच ठरवा. माझ्या गल्लीच्या मागे एक पहिल्या मजल्याचं आहे विकायला, माहिती काढून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

जुना बदलापूरकर

आमच्या इमारतीत पण तिसऱ्या मजल्यावरचं निघतंय दिवाळीनंतर. लिफ्ट आहे. जवळा ताजा असतो. सांगून ठेवलं.

पावणेआठची लेडीज

दोघांनाही व्यनि केलाय. घरमालकाशी बोलून ॲग्रीमेंट एकदा वाढवून घेतलं, थोडं जास्त भाडं द्यावं लागेल, पण पावसाळ्यात बघायला वेळ मिळेल. वकिलीणबाई, कन्व्हेयन्सचे कागद मागितले तर सेक्रेटरी म्हणतात चेअरमनना विचारा आणि चेअरमन गावाला गेलेत.